भात शिजेपर्यंतचं गाणं

मन्नूभाऊ बिसेन कोणाचंही दार सातदा वाजवतात. टक टक टक, टक टक टक, टक. आणि थांबतात. घरातला माणूस आठव्या टकटकीची वाट पाहत, चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहतो. माझी बायको तर इतक्या वर्षांनीही म्हणायची, "अहो, त्यांची एक राहिली वाटते." मग बाहेरून आवाज यायचा, "सुध्या, उघड बे! राहिली नाई काई. सातच असते."

आमगावात स्टेशनच्या रस्त्याला मन्नूभाऊंचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या गावांतल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी त्यांच्याकडे येतात. ते आतली काळी पडलेली तार उपसतात आणि नवी तांब्याची तार भरून देतात. हात असा साफ, की त्यांनी भरलेली मोटार परत आलेली मी तरी पाहिली नाही. एवढ्यावर माणूस सुखात राहिला असता. पण तरुणपणी भिलाईच्या मावसभावाने त्यांना परदेशी गाण्यांच्या कॅसेटचं एक खोकं दिलं आणि तिथेच सत्यानाश झाला.

त्या कॅसेटच्या एका बाजूला एकच गाणं असायचं. सुरू झालं की माणसाने आंघोळ करावी, जेवावं, दुकान उघडून यावं, तरी ते आपलं चालूच. मधेच बासरी, मधेच वादळ, मधेच कोणीतरी नुसतंच कुजबुजतंय. ताल असा की पायाने धरायला जावं तर पाय हवेतच राहतो. मन्नूभाऊ म्हणाले, "याले प्रोग्रेसिव रॉक म्हनते. आपन हेच करू." आपण म्हणजे ते, मी आणि राजू मेश्राम. गिटार त्यांची. मी खत-बियाण्यांचा दुकानदार, मला त्यांनी स्वतः शिकवून बेस गिटार गळ्यात अडकवली. राजू लग्नाच्या बँडपार्टीत ढोल वाजवायचा, त्याला ड्रमवर बसवलं. सातचा ताल अंगात मुरायला त्या बिचाऱ्याचा अख्खा उन्हाळा गेला. एक दिवस वैतागून तो म्हणाला, "भाऊ, चारात काऊन नाई वाजवत आपन?"

मन्नूभाऊंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "चारात तर बैल बी चालते, राजू."

बँडचं नाव ठेवलं 'मामा तलाव'. आमच्याकडे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावांना मामा तलाव म्हणतात. मन्नूभाऊंचं म्हणणं, आपलं संगीत तसंच खोल आणि गावाच्या कामाचं आहे. आता गावोगावी 'मामा तलाव येत आहे' असे कागद चिकटवल्यावर काय व्हायचं ते झालं. शेतकरी माझ्या दुकानात येऊन विचारायचे, "पानी कवा सोडून राहिले?" एका शारदोत्सवात तर निवेदकाने 'प्रोग्रेसिव'चं मराठी केलं आणि माइकवरून सांगितलं, "आता येत आहेत प्रगतिशील शेतकरी मन्नूभाऊ बिसेन!" लोक बियाण्यावरचं भाषण ऐकायच्या तयारीने बसले. आम्ही वाजवायला लागलो तरी आशा सोडेनात. पहिल्या रांगेतल्या एकाने तर गाण्याच्या मधेच मला युरिया आला का म्हणून विचारलं.

मन्नूभाऊंचं सगळ्यात मोठं गाणं म्हणजे 'धान'. शब्द नाहीत, नुसते सूर. आधी परे, म्हणजे धानाची रोपं, मग रोवणा, म्हणजे लावणी, मग वाढ, मग कापणी, आणि शेवटी चुरणा, म्हणजे मळणी. यातला 'वाढ' हा भाग फार लांब होता. त्यात काहीही घडत नसे. गिटारवर तीच एक साधी धून सातच्या तालात फिरत राहायची, मी खालून तेच तेच सूर धरून ठेवायचो, राजू ड्रमच्या कडेवर टकटक करायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हे जरा आवरतं घेऊ. लोक उठून जाऊन राहिले."

"धान वाढून राहिला, सुध्या. त्याले घाई कशाची?"

आणि गंमत ऐका. धानावर एवढं मोठं गाणं करणारा हा माणूस स्वतःच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी उतरला नव्हता. त्यांची थोडी शेती आहे. ती सगळी पुष्पावैनी पाहायच्या. रोवण्याच्या दिवसांत पावसाने ताण दिला की गावोगावच्या मोटारी जळतात, तेव्हा मन्नूभाऊंना दुकानातून मान वर करायला फुरसत नसे. वैनी पाटलीणबाईसारख्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहणाऱ्या नव्हत्या. पदर खोचून बायांच्या ओळीत स्वतः वाकायच्या. आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हा तिघांचा स्वयंपाक करायच्या, कारण आमची तालीम त्यांच्याच ओसरीवर असायची.

तालीम सुरू झाली की वैनी दाराशी टेकून बसायच्या. परे ऐकायच्या, रोवणा ऐकायच्या. 'वाढ' सुरू झाली रे झाली की पदर सावरून उठायच्या आणि आत जायच्या. दरवेळी. मन्नूभाऊंचा चेहरा पडायचा. वाजवता वाजवता ते ओरडायचे, "चालली पाहा! बराबर इथंच चालली!"

आतून उत्तर यायचं, "भात मांडाले जातो ना! तुमच्या धानाच्या भरवशावर राहिली तं उपाशी झोपसान सारे."

आणि 'वाढ' संपता संपता आतून हाक यायची, "झाला भात, या!" कापणी आणि चुरणा मग जेवणानंतर व्हायचे, तेव्हा वैनी आत ताटं घासत असायच्या. भांड्यांच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार?

वैनींचा स्वभावच तसा. नवऱ्याची तोंडावर स्तुती करायची म्हणजे त्यांना लाज वाटायची. त्यांच्या तोंडून मी 'चांगलं वाजवलं' असं एकदाही ऐकलं नाही. मन्नूभाऊही बाहेर मोठ्या तोऱ्यात म्हणायचे की मी लोकांसाठी वाजवत नाही. पण गाणं संपलं की त्यांची नजर पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दाराकडे जायची. हे मी आणि राजू दोघंही पाहायचो आणि एकमेकांना कोपर मारून हसायचो.

मग वैनींच्या किडन्या गेल्या.

डायलिसिससाठी त्यांना आमगावहून गोंदियाला न्यावं लागायचं. मन्नूभाऊ दुकानाला कुलूप घालून सोबत जायचे. सकाळच्या गाडीत वैनी खिडकीशी, हे बाजूला, मांडीवर डब्याची पिशवी. तिथे शेजारच्या खाटेवर एक बाई असायची. तिचा नवरा मोबाइलवर जुनी सिनेमाची गाणी लावून ठेवायचा आणि ती बाई डोळे मिटून त्यासोबत गुणगुणत राहायची. वेळ निघून जायचा तिचा. मन्नूभाऊ हे पाहत बसायचे. एक दिवस त्यांनी वैनींना विचारलं, "पुष्पे, तुले माहं येखांदं गानं येते का?"

वैनी हसल्या. "तुमचे गाने कोनाले येते?"

बस. एवढंच बोलल्या त्या, आणि तेही थट्टेने. पण मन्नूभाऊंनी ते मनाला लावून घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले आणि युरियाच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "सुध्या, माह्या बायकोले माहं येक बी गानं येत नाई. संसार झाला अख्खा. तिले म्हनता येईन असं येक बी गानं मी केलं नाई बे."

"भाऊ, वैनी मजाक करून राहिल्या असतील."

"नाई. वाढ आली का उठून जाते ते. मी पायतो ना." खिशातून रुमाल काढून त्यांनी उगाचच चष्मा पुसला. "आता पॉप करू. तीन मिनिटाचं. चारात. तिच्या तोंडात बसलं पाहिजे. आन् लोकायनं टाळ्या वाजवल्या पाहिजे, तिच्या समोर."

राजूला सांगितलं तर त्याने आनंदाने मला मिठीच मारली. म्हणाला, "नाव बी बदलू. 'मामा बीट्स' ठेवू!" मन्नूभाऊंनी तेही ऐकून घेतलं. जन्मभर चारच्या तालाला बैल म्हणणारा माणूस मान खाली घालून हो म्हणाला, तेव्हाच मला बरं वाटलं नाही.

आता पॉप म्हणजे शब्द पाहिजेत, आणि शब्दांत प्रेम पाहिजे. मन्नूभाऊंनी आयुष्यात प्रेमाचं अक्षर लिहिलं नव्हतं. दुकानात मोटार उघडून बसायचे आणि तार गुंडाळता गुंडाळता ओळी जुळवायचे. शेवटी एक दिवस ध्रुवपद तयार झालं:

तुझ्या डोळ्यांत, राणी,
मला दिसते ओलिताची सोय.

राजू खाली बसला. मी तोंडावर हात धरला. मन्नूभाऊ गंभीर. "काऊन? ओलिताहून मोठं काय असते मानसाले?" आमच्या भागात तरी याचं उत्तर कोणाकडे नाही.

ताल चारचाच ठेवला. पण सवय जाते का? ध्रुवपदाच्या शेवटी 'सोय' म्हटलं की मन्नूभाऊंची गिटार एक मात्रा आधीच पुढच्या ओळीत शिरायची. राजू दरवेळी घसरायचा. "भाऊ, येक कमी पडून राहिली तिथं."

"अच्छा? नाई पडनार आता."

पुन्हा पडायची. त्यांना कळतच नव्हतं हो. चार आणि चार आठ मोजायला बसलेल्या माणसाचे हात सातवर उठून चालू लागायचे. आम्ही रोज तालीम केली आणि ती एक मात्रा रोज पडत राहिली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. नाटक, दंडार, आकाशपाळणे, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, पाहुण्यांनी भरलेली घरं. जवळच्याच एका गावच्या मंडईत आम्हाला नाटकाच्या आधी वाजवायला दिलं. मन्नूभाऊंनी वैनींना ऑटोने आणलं. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या शाल गुंडाळून बसल्या. चेहरा सुजलेला, हात काडीसारखे, पण टिकली मोठी लावली होती आणि केसांत फूल होतं. मन्नूभाऊंनी नवा लाल शर्ट घातला होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

सुरुवात झकास झाली. पोरं उठली, पुढे आली, हात वर करून नाचायला लागली. मी मन्नूभाऊंकडे पाहिलं. ते वैनींकडे पाहत होते. तोंडभर हसत होते. आणि मग 'सोय' आली.

ती एक मात्रा पडली. नाचणाऱ्यांचा अर्धा घोळका डावीकडे गेला, अर्धा उजवीकडे. एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकावर बसलं. पोरं हसली, पुन्हा नाचायला लागली. पुन्हा 'सोय' आली, पुन्हा एकमेकांवर आदळली. तिसऱ्यांदा कोणीतरी ओरडलं, "अबे, हे गानं लंगडून राहिलं!" मग सगळी मंडई हसली. 'ओलिताची सोय' म्हणून पोरं चिडवायला लागली, शिट्ट्या पडल्या. मंडळाचा अध्यक्ष भला माणूस, स्टेजवर येऊन हळूच मन्नूभाऊंच्या कानात बोलला, "भाऊ, रागावू नोका. डीजे लावू का?"

मन्नूभाऊंनी गिटारची वायर काढली. डीजे लागला. त्याच पोरांनी मग इतका धुरळा उडवला की वैनी त्यात दिसेनाशा झाल्या.

परतताना ऑटोत आम्ही तिघंच होतो, राजू सामानासोबत टेम्पोत होता. बाहेर धानाचे पुंजणे रचून ठेवलेले होते. मन्नूभाऊ बाहेर पाहत म्हणाले, "नाई जमलं, पुष्पे."

वैनी थकल्या होत्या. डोकं त्यांच्या खांद्यावर टेकून त्या म्हणाल्या, "भात शिजाच्या आंधीच संपलं ना जी."

मला वाटलं, याही वेळी थट्टाच. मन्नूभाऊंनाही तसंच वाटलं असणार. त्यांनी वैनींची शाल नीट केली.

होळीच्या आधी वैनी गेल्या. राजू डीजेवाल्यांसोबत गोंदियाला लागला. त्याचंही बरोबर होतं, त्यालाही घर होतं. मन्नूभाऊंनी गिटारला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. दुकान चालू होतं, मोटारी भरून जात होत्या. पण त्यांनी दार वाजवणं सोडलं. यायचे आणि नुसतेच बाहेर उभे राहायचे. कधी माझ्या बायकोचं लक्ष जायचं, कधी जायचं नाही, मग तसेच परत जायचे. ती एकदा मला म्हणाली, "अहो, आता तर सगळ्याच राहिल्या." आणि डोळे पुसत आत गेली.

रोवण्याचे दिवस आले. वैनींच्या रोवण्याच्या टोळीतली सुगंधाबाई एक दिवस मन्नूभाऊंच्या दुकानात आली. वयाने मोठी, बोलायला फटकळ. "भाऊजी, पुष्पाबाई नाई म्हनून बांधी पडीत ठेवता का? परे आमीच टाकले, ते मोठे झाले. आमी उद्या लागतो. तुमी फक्त चहा आना." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मन्नूभाऊ मला न्यायला आले. खरं कारण असं, की स्वतःची बांधी नेमकी कुठून सुरू होते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं. मोटरसायकलवर मी पुढे, ते मागे चहाची किटली धरून. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. नहराच्या पुढे गाडी लावून आम्ही धुऱ्यावरून चालायला लागलो.

बाया ओळीने वाकलेल्या होत्या, पाठ आमच्याकडे. गात होत्या. रोवण्यात बाया गातातच, त्यात नवल काही नाही. शब्दही नेहमीचेच, सासूचे, नणंदेचे, बाजारातल्या बांगड्यांचे. मी दोन पावलं पुढे गेलो आणि लक्षात आलं की मागे मन्नूभाऊ येत नाहीत. वळून पाहिलं तर धुऱ्यावर उभे, किटली छातीशी धरलेली, तोंड उघडं.

"सुध्या," ते म्हणाले, "हे वाढ होय."

मी कान दिला. अहो, आमचीच 'वाढ'! ती काहीही न घडणारी धून, जिच्यावर निम्मी मंडळी उठून जायची. सूर तेच, वळण तेच, आणि ताल सात. सहा वेळा हात चिखलात जात होते, एकेक परा खोचत होते. आणि सातव्याला सगळी ओळ मिळून एक पाऊल मागे सरकत होती. रोवणारी बाई मागे मागे चालते, हे तर मला लहानपणापासून ठाऊक. पण त्या चालीत मन्नूभाऊंचं गाणं इतकं नेमकं बसेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्यांनाही नाही.

सुगंधाबाईने आम्हाला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून ताठ झाली. "काऊन उभे राहिले? आना ना चहा."

मन्नूभाऊंनी कसंबसं विचारलं, "हे गानं... कोनं शिकवलं?"

"कोनं म्हंजे? पुष्पाबाईनं. दरसाली हेच म्हने ते. हेच्यावर भात मांडतो म्हने मी, संपलं का भात बराबर होते. घड्याळ नाई पायत म्हने." दुसऱ्या बाया हसल्या. सुगंधाबाई पुढे बोलली, "हे होते तवर हात चालते, भाऊजी, कंबर दुखत नाई. पन येवढंच येते आमाले. तिले बी येवढंच येत होतं. पुढचं आयकाले नाई भेटे म्हने, तवा मी जेवाले वाढतो, मंग भांडे घासतो. तुमी सांगा ना, याच्या पुढं काय हाये?"

मन्नूभाऊंनी किटली माझ्या हातात दिली. चपला धुऱ्यावर काढल्या. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बांधीत उतरले. पाय पोटरीपर्यंत गेला, तोल गेला, एका बाईने दंड धरून सावरलं. कोणी हसलं नाही. सुगंधाबाईने पऱ्याची एक पेंडी त्यांच्या हातात दिली आणि ओळीत जागा केली, वैनी उभ्या राहायच्या त्याच जागी.

"धरा. आंधी आमचं म्हना, मंग तुमचं पुढचं."

बायांनी 'वाढ' पुन्हा सुरू केली. मन्नूभाऊ वाकले आणि गायला लागले. आवाज घोगरा, तुटका. सहा परे खोचले, मागे सरकले. पुन्हा सहा खोचले. आणि मग, एका मात्रेसाठी राजूला अख्खा उन्हाळा रडवणारा हा माणूस सातव्या मात्रेचं पाऊलच विसरला. ओळ मागे गेली आणि मन्नूभाऊ एकटेच पुढे राहिले, वाकलेले, चिखलात हात रुतलेला, खांदे गदगदा हलत. मला धुऱ्यावर रडू आवरलं नाही, खोटं कशाला सांगू?

सुगंधाबाई थांबली. सगळी ओळ थांबली.

"तुमी चुकले, भाऊजी," ती म्हणाली. "पुष्पाबाई नाई चुके कदी."

"हो," मन्नूभाऊ म्हणाले. बाहीने तोंड पुसलं, एक पाऊल मागे घेतलं आणि ओळीत येऊन उभे राहिले. "पुन्हा पयल्यापासून घ्या."